पद्मिनीची मागची व्हील सिलिंडरं गेली आहेत, ओम्नीची चालतील का?

डिचोलीची पद्मिनी

नमस्कार. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९३ ची, पेट्रोल. पप्पांनी घेतलेली, आता मी चालवते. रोज काढत नाही, पण साखळी-वाळपईला फेरी होतेच, आणि चवथीला सगळं घर भरून केरीला आजोळी जायचं असतं. त्याआधी हे काम मार्गी लागायला हवं.

ब्रेकचा पाय पहिल्यांदा दाबला की खूप खाली जातो, लगेच पुन्हा दाबला की वर येतो. टाकीतलं ब्रेक ऑइलही हळूहळू उतरतंय. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली म्हणून ड्रम काढून घेतला. व्हील सिलिंडरचं (चाकातलं, ऑइलच्या दाबाने ब्रेकचा शू ढकलणारं) रबरी टोपण बोटाने जरासं उचललं तर आतून ऑइल ओघळलं. शूचं लायनिंग (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) अर्ध्यापर्यंत काळं, ओलं. उजवीकडे एवढं नाही, पण पाझर तिथेही आहे. पिस्टन बाहेर काढल्यावर दोन्ही सिलिंडरांत आतून बारीक खड्डे दिसले. मास्टर सिलिंडरमधून (पाय दाबला की ऑइलला दाब देतं ते) चारही चाकांना मिळून एकच पाइप निघतो.

म्हापशात दोन-तीन दुकानांत विचारलं, कोणाकडे माल नाही. बेळगावला काकांनी एका दुकानातून रबराचं किट आणलं. पाकिटावर नुसतं ‘फियाट’ लिहिलंय, माप काही नाही. त्यातला कप, म्हणजे पिस्टनपाशी ऑइल अडवणारं रबर, उजव्या सिलिंडरात घालून पाहिला तर सैल वाटला. आमचे मेस्त्री म्हणतात, ओम्नीचं सिलिंडर घेऊ, बॅकप्लेटचं (ड्रममागच्या पत्र्याचं) भोक थोडं घासलं की बसतं, माल कुठेही मिळतो. ऑनलाइन एक जण ‘११००, पद्मिनी, ११८ एनई, सगळ्यांना चालेल’ (फियाट-प्रीमियरच्याच गाड्या) म्हणून सिलिंडर विकतोय. मला यातलं कशावरच विश्वास टाकवत नाही. आणखी एक, भिजलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन वापरता येतं का?

वास्कोचा फियाटवाला

ताई, मेस्त्री बरोबर सांगतायत. माझ्या मामाच्या पद्मिनीला मारुतीचीच सिलिंडरं आहेत, मस्त चालते. जुना माल शोधत बसलात तर पुढची चवथ येईल. लायनिंग पेट्रोलने धुवा, वर सँडपेपर मारा.

फोंडा काउंटर

वास्कोच्या भावांचा हेतू चांगला आहे, पण मला इथे स्पष्ट बोलू द्या. मी फोंड्यात स्पेअर पार्टच्या काउंटरवर आयुष्य काढलंय. इंजिनाचा भाग चुकला तर गाडी बंद पडते आणि माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ब्रेकचा भाग चुकला तर तेवढ्यावर भागत नाही.

पहिली गोष्ट, आत्ता गाडी हलवू नका. मास्टरमधून एकच पाइप निघतो म्हणता, म्हणजे चारही चाकांचं ऑइल एकाच वाटेने जातंय. नव्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, एक फुटली तरी दुसऱ्या वाटेवरची चाकं धरतात. तुमच्याकडे त्या डाव्या सिलिंडरातला एक कप उलटला तर पुढचे ब्रेकही गेले. केरीच्या वाटेला उतारावर हे झालं तर हँडब्रेकशिवाय हाती काही राहत नाही.

आता ओम्नीबद्दल. बसणं ही त्यातली सगळ्यात सोपी बाब आहे. फाइल मारली की काहीही बसतं. खरं बघायचं असतं ते आतल्या नळीचं माप, म्हणजे बोअर. पाय दाबला की ऑइलचा दाब सगळीकडे सारखाच जातो, पण शू किती जोराने ढकलला जाईल ते पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. सात-अष्टमांश इंच म्हणजे २२.२ मिलिमीटर. डोळ्याला फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण जोर ३६ टक्क्यांनी वाढतो. १९.०५ च्या जागी २० चं घातलं तरी दहा टक्के. मागच्या चाकांना असा जास्तीचा जोर मिळाला की जोरात ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि पुढच्यांच्या आधी अडकतात. कोरड्या रस्त्यावर कदाचित कळणार नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावर लाल मातीचा राप चढतो ना, त्यावर मागची बाजू फिरून पुढे येते. बोअर लहान झाला तर उलट होतं, मागची चाकं नुसती फिरत राहतात आणि सगळा भार पुढच्या लायनिंगवर. मामांच्या गाडीचं ‘मस्त चालते’ हे सावकाश थांबतानाचं मत आहे. एकदम थांबायची वेळ येते तेव्हाच बोअर बोलतो.

दुसरं, पाइपच्या नटाचे आटे. ३/८ इंचाचा बारीक आटा ९.५ मिलिमीटरचा, मेट्रिकमधला त्याच्या जवळचा १० चा. एकाचा नट दुसऱ्यात एखादा-दीड पेच जातो आणि अडकतो. अशा वेळी पाना लांब घेऊन जोर लावणारे लोक मी पाहिलेत. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आत पाइपचं तोंड बैठकीवर टेकलेलंच नसतं. पाइपच्या तोंडाचा आकारही दोन तऱ्हेचा असतो, एक आत दुमडून दुहेरी केलेला, दुसरा बुडबुड्यासारखा फुगवलेला. एकाची बैठक दुसऱ्याला चालत नाही. हाताने, पान्याशिवाय, नट शेवटपर्यंत सहज गेला तरच आटा जुळला असं समजा.

तेव्हा माझं सांगणं असं की नवं सिलिंडर शोधू नका, तुमचंच वाचवा. आत नख फिरवा. नख कुठेही अडकलं तर नुसतं पॉलिश करून भागणार नाही, स्लीव्ह टाकावी लागेल. लेथवर जुना बोअर मोठा करायचा, त्यात पितळेची किंवा स्टेनलेसची नळी दाबून बसवायची आणि ती आतून होन करून, म्हणजे घासून गुळगुळीत करून, मूळ मापावर आणायची. मूळ माप म्हणजे झिजलेल्या मधल्या भागाचं नव्हे. पिस्टन जिथे कधी पोचत नाही त्या टोकाशी व्हर्नियर लावा. बऱ्याच सिलिंडरांच्या अंगावर ओतीव आकड्यांत माप असतं, वायर ब्रशने गंज काढला की दिसतं. रबर कपाच्या पाठीवरही बहुतेकदा माप उठवलेलं असतं. पाकिटावर काही लिहिलेलं नसलं तरी कप उलटा करून उजेडात तिरका धरून बघा.

स्लीव्हमध्ये ऑइल यायचं भोक पाडल्यावर त्याची आतली कड साफ करायला लावा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लेथचं काम उत्तम असूनही इथेच घोटाळा होतो. त्या भोकाच्या कडेला केसाएवढी धार राहिली की नवा कप आत सरकवतानाच त्याचा ओठ कापला जातो. बोट आत घालून फिरवा, काहीही खरखरलं तर परत द्या. लाजू नका.

साखळी-डिचोली पट्ट्यात खाणी जोरात होत्या तेव्हा टिप्परांच्या ब्रेकची कामं करून हात बसलेले लेथवाले आहेत. २०१२ नंतर खाणी थांबल्या तसे बरेच जण दुसरीकडे वळले, पण कसब जात नाही. त्यांच्याकडे विचारा. नाहीच जमलं तर कोल्हापुरात उद्यमनगर आहे, तिथे हे काम होतं.

लायनिंग पेट्रोलने धुऊ नका. ऑइल आतपर्यंत मुरलेलं असतं. वरून कोरडं दिसलं तरी ड्रम तापला की पुन्हा बाहेर येतं. दोन्ही चाकांच्या चारही शूंना नवं लायनिंग मारून घ्या, एकाच कंपनीचं, एकाच वेळी. राणे, सुंदरम, जे मिळेल ते, पण डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं असं नको. जुन्या गाडीच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ फुप्फुसात गेली तर निघत नाही, आणि तिथे उभं राहून बघणारं आधी तुमच्याच घरचं कोणीतरी असतं.

सिलिंडरचे भाग धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल घ्या. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यातलं काहीही त्या रबराला लागता कामा नये, ते फुगतं.

आणि उजव्या सिलिंडरात कप सैल का वाटला, ते मला खटकतंय. दोन्हीकडचे बोअर वेगवेगळे मोजून इथे लिहा.

गिरगावचा मेकॅनिक

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मालाचं बोलायचं तर मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत आणि कुर्ल्याला जुन्या मालाची दुकानं आहेत. पण पूर्वीसारखं नाही. पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर रबर किट, पिस्टन, स्प्रिंगा टोपलीत पडलेल्या असायच्या. ऑक्टोबर २०२३ अखेरीस शेवटच्या टॅक्सीचीही मुदत संपली, आणि खप नाही म्हणून कोणी नवा माल भरत नाही. आहे तो पडून राहिलेला. धातूचे भाग गंज नसेल तर पडून राहिलेले चालतात. रबर मात्र पाकिटात बंद असलं तरी कडक होतं. कप दोन बोटांत चेपून सोडा, लगेच आकारात आला पाहिजे. ओठाला बारीक चिरा दिसल्या तर फुकट दिला तरी घेऊ नका. आणि फोनवर ‘पद्मिनीचं आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. माप सांगा आणि पट्टी लावलेला फोटो मागवा.

डिचोलीची पद्मिनी

काका, तुमचा संशय खरा निघाला. घरी आणून दोन्ही घासली. डाव्या सिलिंडरवर ३/४ असं ओतीव आहे, टोकाशी व्हर्नियरने १९.०५ च्या आसपास येतं. उजव्यावर काहीच खूण नाही, ओतीव कामही खडबडीत, आणि माप २२.२! म्हणजे पूर्वी कधीतरी कोणीतरी उजवीकडे वेगळंच सिलिंडर लावलंय. पप्पांना विचारलं, त्यांच्या आठवणीत नाही.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मागून उजवीकडून घसरल्यासारखं व्हायचं. डावं लायनिंग भिजलंय म्हणून असेल असं वाटत होतं. बेळगावच्या कपाच्या पाठीवर उजेडात बघितलं, ३/४ आहे. डाव्यात चपखल बसतो.

मग आता उजव्याचं काय करायचं? २२.२ च्या बोअरमध्ये जाड स्लीव्ह टाकून १९.०५ केलं तर?

फोंडा काउंटर

शाब्बास. हे मोजलंत म्हणून कळलं, नाहीतर दोन्हीकडे नवी रबरं घालून गाडी तशीच निघाली असती, आणि उजवं चाक डाव्यापेक्षा ३६ टक्के जास्त जोराने धरत राहिलं असतं. लायनिंग भिजल्याचा वाटा असेलच, पण मूळ दोष हा आहे.

जाड स्लीव्ह गणितात बसते, भिंत दीड मिलिमीटरच्या वर येते. पण मी तसं करणार नाही. त्या बिनखुणेच्या सिलिंडराचं ओतीव काम कसलं आहे, त्याची बाहेरची लांबी, शूच्या टोकाची बैठक, आटा, काहीच आपल्याला माहीत नाही. त्यापेक्षा भंगारातून मूळ सिलिंडर मिळवा. इथे एक सोय आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. स्लीव्ह टाकायचीच असेल तर जुन्या सिलिंडराचा बोअर कितीही सडलेला असला तरी चालतो, कारण तो कापूनच काढायचा आहे. फक्त बाहेरचं अंग, बोल्टाची भोकं, आटे आणि हवा काढायचा निपल शाबूत हवा. निपल तुटलेला असेल तर घेऊ नका, गंजलेला निपल काढताना सिलिंडर हातचं जातं. भंगारवाला ज्या वस्तूला हात लावत नाही ती तुम्हाला चालते. गिरगावच्या भाऊंना विचारा, टॅक्सीवाल्यांच्या भंगारात अशी मिळायला हरकत नाही.

पुढची दोन चाकंही याच तऱ्हेने तपासा. मागे कोणी एकदा हात चालवलाय म्हटल्यावर पुढे चालवला नसेलच असं नाही. डावं-उजवं जुळलं पाहिजे.

पेडणे ८८

मधेच विचारतो. एवढा खर्च करण्यापेक्षा पुढे डिस्क बसवून घेतले तर? खूप जण ११८ एनईचे किंवा मारुतीचे डिस्क लावतात.

फोंडा काउंटर

लावतात, आणि नीट केलं तर चांगलंच आहे. पण तो वेगळा संसार आहे. ड्रममध्ये चाक फिरताना शूला स्वतःकडे ओढतं, त्यामुळे पायाचं काम हलकं होतं. डिस्कला ही मदत नाही, तिला दाब जास्त लागतो. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर येतो, मास्टर सिलिंडरचा बोअर पुन्हा ठरवावा लागतो. शिवाय ड्रमवाल्या मास्टरच्या तोंडाशी बहुधा एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो, तो पाय सोडल्यावरही पाइपमध्ये थोडा दाब राखतो, त्याने कपांचे ओठ फुललेले राहतात आणि हवा आत शिरत नाही. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या वाटेवर राहिला तर पॅड कायम घासत राहतो आणि डिस्क तापते. हे सगळं विचारात घेणारा कारागीर असेल तर करा. नुसता कॅलिपर (पॅड धरणारा भाग) वेल्ड करून देणारा असेल तर चार चांगले ड्रम केव्हाही बरे.

ताई, मास्टरचं किटही बदलणार असाल तर हा चेक व्हॉल्व्ह जुन्यातून काढून ठेवा, प्रत्येक किटात तो येतोच असं नाही. आणि पायाच्या दांड्याला पिस्टनपाशी थोडा मोकळेपणा हवाच. दांडा पिस्टनला टेकून राहिला तर टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलं जातं. तापून फुगलेलं ऑइल परत जाऊ शकत नाही आणि थोड्या अंतरावर गाडी आपोआप जड होत जाते. लोक तेव्हा शू सैल करत बसतात, दोष वर पायाशी असतो.

डिचोलीची पद्मिनी

मधल्या काळात बरंच झालं. गिरगावच्या भाऊंनी सुचवलेल्या गल्लीतून माझ्या मावसभावाने एक सडकं सिलिंडर उचललं, ३/४ ची ओतीव खूण असलेलं, निपल फिरता. साखळीच्या एका लेथवाल्या काकांनी दोन्हीत स्टेनलेसची स्लीव्ह टाकून दिली. भोकाची कड मी बोट घालून बघितली, एकात खरखर लागली, त्यांनी न कुरकुरता परत साफ करून दिली. पुढची दोन्ही बाजूंची सिलिंडरं मापाने जुळली, आतून स्वच्छ आहेत, फक्त रबरं बदलली.

लायनिंग नवं मारलं तेव्हा त्यांनी ड्रमच्या आत खडू फासला, शू लावून ड्रम हाताने फिरवला. शूच्या दोन टोकांनाच पांढरं लागलं, मध्ये कोरं. मग ते टेकलेले भाग थोडे थोडे घासत गेले, खडू पूर्ण पट्ट्याला लागेपर्यंत. मी असं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यासाठी त्यांनी वेगळे पैसेही मागितले नाहीत.

ऑइल पूर्ण काढून डॉट ३ दर्जाचं नवं भरलं, सीलबंद डब्यातलं. पाय आता पहिल्याच दाबाला वर थांबतो. मोकळ्या मैदानात ओल्या गवतावर जोरात ब्रेक मारून बघितला, दोन्ही मागच्या चाकांच्या खुणा सारख्या उमटल्या. सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

एक राहिलं. पुढच्या ब्रेकचे दोन्ही रबरी होस पाइप वाकवले की बारीक चिरा दिसतात. लांबी कशी मोजू?

फोंडा काउंटर

खूप बरं वाटलं वाचून. त्या लेथवाल्यांना माझा नमस्कार सांगा.

ऑइलबद्दल एवढंच, ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती हमी १४० वर येते. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलाच, रंग चांगला दिसला तरी. उघडा उरलेला डबा ठेवून देऊ नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

होस बदलायचेच, चिरा दिसल्यावर थांबू नका. लांबी जुन्या होसवर मोजून भागत नाही, तोही कोणीतरी बदललेला असू शकतो. पुढची बाजू जॅकवर उचला, चाक लटकतं ठेवा. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. मग गाडी खाली उतरवून पुन्हा तसंच. कुठल्याही स्थितीत होस ताणला जाता कामा नये, आणि टायरला किंवा सस्पेन्शनला घासताही कामा नये. दोऱ्याचा तुकडा होसच्या वाटेने धरून बघा. सगळ्यात जास्त लागेल ती लांबी, आणि वर बोटभर सैल. दोन्ही टोकांचे आटे हाताने घालून बघायचे, ते वर सांगितलंच आहे. होस पिळलेला बसवू नका. अंगावर लांब रेघ असेल तर ती सरळ राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला आणि जुने फेकण्याआधी काउंटरवर घेऊन जा, त्यांच्या टोकांवरून माल पटकन सापडतो.